मासे सारखे का मरतात? आधी खाण्याचा डबा तपासा

लक्षणं बहुतेक घरांत सारखीच असतात. हॉलमध्ये टीव्हीशेजारी दीड फुटी टाकी. आत दोन गोल्डफिश, चार मॉली, डझनभर गप्पी, दोन ‘शार्क’ आणि काच साफ ठेवायला म्हणून एक सकर. पहिला आठवडा छान जातो. मग पाणी दुधाळ होतं आणि सकाळी एखादा मासा उलटा तरंगताना दिसतो. रविवारी टाकी पूर्ण रिकामी होते, खडी घासून धुतली जाते, नळाचं ताजं पाणी भरलं जातं. चार दिवस बरे जातात की पुन्हा तेच. दुकानात विचारलं तर निळं औषध मिळतं आणि सोबत आणखी चार मासे, कारण टाकी आता रिकामी वाटते.

हा बहुतेक वेळा रोग नसतोच, त्यामुळे औषधाने थांबतही नाही. टाकीत मासे जास्त झालेले असतात, आणि त्यांची घाण पचवणारे जिवाणू आपण दर रविवारी स्वतःच्या हाताने धुऊन टाकत असतो. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट माशांना बऱ्यापैकी सोसतं. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. इकडे महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाशी तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. आपल्या पोटासाठी ते उत्तमच, पण जंतू मारायला घातलेला क्लोरीन स्पंजमधले कामाचे जिवाणू वेगळे काढून सोडत नाही. नळाखाली स्पंज खळखळून पिळला की टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, तोही अधूनमधून, आणि खडी धुण्याच्या दिवशी नाही.

मासा कधी आणि कसा त्रासतो, त्यावरून अर्धं निदान होतं. पाणी बदलल्यावर तासाभरात मासे सैरभैर पळत असतील तर क्लोरीन. अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका, किंवा पाणी उघड्या बादलीत एअरस्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून एक दिवस ठेवा.

फक्त पहाटे सगळे वर येऊन तोंड वासत असतील आणि दुपारपर्यंत ठीक होत असतील, तर ऑक्सिजन कमी पडतोय. टाकीत झाडं असली तर रात्री तीही ऑक्सिजन घेतात, म्हणून उजाडण्याआधीची वेळ सर्वांत वाईट. दिवसभर वर तरंगतात, कल्ले लालभडक किंवा तपकिरी दिसतात आणि एअर पंप जोरात चालू असूनही फरक नाही, तर अमोनिया किंवा नायट्राइट. नायट्राइट रक्तातच शिरतं, मग पाण्यात ऑक्सिजन असून माशाला तो वाहून नेता येत नाही. अशा वेळी निम्मं पाणी बदला (क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं), दोन दिवस खाणं बंद, आणि नायट्राइट असेल तर लिटरला एक ग्राम जाडं मीठ विरघळवून हळूहळू घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दुकानदार सरसकट सगळ्यावर मीठ सांगतात, पण त्याचा खरा उपयोग इथे आहे. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके किंवा कापसासारखं काही दिसत असेल तर मात्र तो रोग, आणि त्याचा इलाज वेगळा.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायला कागदाच्या पट्ट्यांपेक्षा थेंबांचं टेस्ट किट घ्या. महाग वाटतं, पण मेलेल्या माशांवर त्याहून जास्त पैसे जातात.

आता मूळ प्रश्न. किती मासे?

आधी टाकीत खरंच किती पाणी आहे ते काढा. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, गुणाकार करा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. दीड फुटी टाकी बहुधा १८ × १० × १२ इंचांची असते, म्हणजे ३५ लिटर. त्यातून खडी, दगड, तो प्लॅस्टिकचा किल्ला आणि वरची दोन बोटं रिकामी जागा वजा केली की २८ लिटर उरतं. सगळे हिशेब या २८ वर करायचे. दुकानात ३५ म्हणूनच विकतात आणि बारा-पंधरा मासे बिनधास्त पिशवीत भरून देतात. “ले जाओ, आराम से रहेंगे” हे वाक्य कुर्ल्याच्या बाजारात ऐकलं नाही असा मासे पाळणारा मुंबईत सापडायचा नाही.

लिटरइतकंच टाकीच्या आकाराकडेही बघा. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. २४ × १२ × १२ इंचांच्या आडव्या टाकीत आणि १२ × १२ × २४ च्या उभ्या टाकीत पाणी सारखंच, पण उभीचा पृष्ठभाग निम्मा. फ्लॅटमध्ये जागा वाचते म्हणून उभी टाकी घेतली असेल तर मासेही त्या मानाने कमी. काचेच्या गोल भांड्याबद्दल मी काही बोलत नाही, ते मोगऱ्याच्या फुलांसाठी ठेवा.

सगळीकडे सांगितला जाणारा नियम असा: एक इंच मासा, चार लिटर पाणी. बारीक, सडपातळ माशांपुरता तो कामचलाऊ आहे. त्यापुढे तो फसतो, कारण मासा फक्त लांबीत वाढत नाही, रुंदी-उंचीतही वाढतो. एक इंची गोल्डफिश वाढून सहा इंची झाला की लांबी सहापट होते, पण वजन २१६ पटींच्या घरात जातं. खाणं अगदी तेवढ्या पटीत नाही, तरी सहापटीच्या कितीतरी पुढे जातं, आणि घाणही तशीच. शिवाय दुकानात आपण घेतो ती पिल्लं. सकर म्हणून मिळतो तो प्लेको फूटभराचा होतो. सिल्व्हर शार्कही फुटापर्यंत जातो, आणि पंगाशियस जातीचा ‘शार्क’ नदीत मीटरभराहून मोठा होतो. हे तिन्ही मासे दीड-दोन फुटी टाकीसाठी नाहीतच, किती ठेवायचे हा प्रश्न त्यांच्याबाबतीत येत नाही.

मी लोकांना मासे मोजायला सांगत नाही. डबा बघायला सांगतो.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी त्यांची दीड फुटी टाकी बघायला बोलावलं होतं. पाणी स्वच्छ, फिल्टर चांगला, मासेही फार नव्हते, तरी महिन्याला दोन-तीन जायचेच.

“काका, खाणं कोण घालतं?”

“सकाळी मी. संध्याकाळी नातू, त्याला आवडतं.”

“आणि दुपारी?”

काकूंनी स्वयंपाकघरातूनच सांगितलं, “अरे, मी येता-जाता थोडं टाकते. काचेपाशी येऊन तोंड करतात ना, बघवत नाही.”

डबा १०० ग्रामचा. गुढीपाडव्याला आणलेला, आषाढी एकादशीला तळाशी चूर उरला होता. सव्वातीन महिने, म्हणजे आठवड्याला साधारण सात ग्राम. आता हा हिशेब बघा. माशांच्या खाण्यात प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास असतात (डब्यावर छापलेलं असतं), आणि प्रथिनात १६ टक्के नायट्रोजन. एक ग्राम खाण्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन झालं. ते सगळं शेवटी नायट्रेट झालं तर सुमारे २८० मिलिग्रॅम, आणि २८ लिटर पाण्यात भागलं की १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम). दीड फुटी टाकीत एक ग्राम खाणं म्हणजे १० पीपीएम नायट्रेट, हे डोक्यात ठेवा. थोडं माशाच्या अंगी लागतं, थोडं सायफनच्या नळीने काढलेल्या गाळाबरोबर निघून जातं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा खाली येतो, पण अंदाजाला पुरतो. काकांच्या टाकीत आठवड्याला ७० ची भर पडत होती. आणि जिवाणूंची वस्ती नीट बसलेली नसेल तर त्यातलं प्रत्येक ग्राम आधी २ पीपीएमच्या वर अमोनिया म्हणून पाण्यात उतरतं. मासे मारायला तेवढं पुरे.

दुसरी बाजू बादलीची. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलत असाल, तर नायट्रेट काही आठवड्यांनी एका पातळीवर येऊन थांबतं: आठवड्याची भर भागिले बदललेला हिस्सा. भर १० असेल आणि पाव पाणी बदलत असाल तर १० भागिले पाव, म्हणजे ४०. निम्मं बदलत असाल तर २०. छोट्या टाकीत पाणी बदलायच्या दिवशी ४० च्या खाली असावं असं मी धरतो. भर २० असेल आणि बदल पावच, तर टाकी ८० वर जाऊन बसते. रोज बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. मासे फिके पडतात, पंख मिटून बसतात, आणि नव्याने आणलेला मासा दोन दिवसांत मरतो. जुने त्या पाण्याला हळूहळू सरावलेले असतात, नवा सरळ त्यात पडतो. “नवेच कसे मरतात, जुने तर ठणठणीत आहेत” या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

तुमच्या टाकीत किती मासे चालतील हे असं काढा. रविवारी पाणी बदलल्यावर नायट्रेट मोजा, पुढच्या रविवारी बदलण्याआधी पुन्हा मोजा. फरक म्हणजे तुमची आठवड्याची भर. तिला तुम्ही मनापासून, न कंटाळता बदलाल त्या हिश्श्याने भागा. उत्तर ४० च्या वर येत असेल तर खाणं कमी करा. मासे उपाशी न ठेवता खाणं कमी करता येत नसेल तर मासे जास्त आहेत. काकांकडे एकही मासा काढावा लागला नाही. डबा काकूंच्या हाताला लागणार नाही अशा फडताळात गेला आणि खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. नातवाची सोय म्हणून रोजचं खाणं औषधाच्या गोळ्यांच्या डबीत सोमवार ते रविवार मोजून भरून ठेवलं.

टाकीत मनी प्लांटची मुळं सोडली असतील तर नायट्रेट आणखी खाली येतं. घराघरांत दिसणाऱ्या युक्त्यांपैकी ही मला खरंच पटलेली. जुहूहून वेचून आणलेले शंखशिंपले मात्र काढून टाका. ते विरघळून पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) वर नेतात, आणि पीएच वाढला की तेवढाच अमोनिया कैकपट विषारी होतो. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग घातक रूपात असतो, पीएच ८ ला सात टक्क्यांच्या वर.

इथवरचा हिशेब चांगल्या आठवड्याचा. मुंबईत टाकी कसोटीला लागते ती वाईट आठवड्यात, आणि मासे त्या आठवड्याच्या मापानेच ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. मे महिना घ्या. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत साडेसात. त्याच वेळी उष्णतेने माशांची भूक आणि ऑक्सिजनची गरज दोन्ही वाढलेली असतात. म्हणजे पुरवठा कमी, मागणी जास्त. नेमकी तेव्हाच तलावांची पातळी खाली जाऊन पाणीकपात लागलेली असते, आणि घरात अंघोळीला पाणी मोजून असताना माशांसाठी बादलीभर मागायची सोय नसते. काही सोसायट्या टँकर मागवतात. ते बोअरचं जड पाणी असलं तर एकदम निम्मं बदलू नका, दोन-तीन दिवसांत थोडंथोडं घाला.

वीज जात नाही म्हणून मुंबईकर इन्व्हर्टर घेत नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी अख्ख्या शहराची वीज काही तास गेली होती. ठासून भरलेल्या टाकीत पंप बंद पडल्यावर मासे लवकरच वर येऊन तोंड वासू लागतात. कमी मासे असलेल्या टाकीला त्याच काही तासांचं काही वाटत नाही. पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो घेऊन ठेवा. नसेलच तर मगाने टाकीतलं पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओतत राहा, तेवढंही कामाला येतं.

आणि गणपती. गावी सहा-सात दिवस जाणार असाल तर निरोगी मोठे मासे खाण्याविना आरामात राहतात. शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका. त्यांची दया आपल्या काकूंसारखीच असते. निघायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदला, लाइट बंद, फिल्टर चालू, संपलं. पिल्लं असतील किंवा मुक्काम लांबणार असेल तर रोजच्या पुड्या बांधून द्या.

आता आकडे, तेही माझ्या मताचे, मुंबईच्या हवेला धरून. दहा-पंधरा लिटरची छोटी टाकी असेल तर एक फायटर, एकटाच. दीड फुटीत सहा ते आठ गप्पी, सगळे नर. नर-मादी एकत्र ठेवले तर सगळा हिशेबच मोडतो. मादी साधारण महिन्याने विते, एका वेतात वीस-तीस पिल्लं सहज, आणि नर काढून टाकला तरी साठवलेल्या वीर्यावर पुढचे काही महिने वीत राहते. डासांच्या अळ्या खायला महापालिका विहिरींत आणि टाक्यांत हाच मासा सोडते, यावरून त्याचा चिवटपणा आणि वाढ ओळखा. गप्पी नको असतील तर तेवढ्याच पाण्यात चार प्लॅटी, त्याही एकाच लिंगाच्या, चांगल्या राहतात. झेब्रा (झेब्रा डॅनिओ) मासा दिसायला एवढासा, पण दिवसभर पळणारा. त्याला लांबी लागते, म्हणून सहा झेब्रा दोन फुटी टाकीतच. दोन फुटीत (२४ × १२ × १२, पाणी ४५ लिटरच्या आसपास) झेब्र्यांऐवजी एक छोटी गोरामी आणि सहा-सात टेट्रा चालतील. निऑन टेट्रा मात्र मे महिन्यात ३१ अंशांवर हाल काढतो. खिडकीजवळची, पंख्याविना टाकी असेल तर तो घेऊच नका.

गोल्डफिशबद्दल लोकांना वाईट वाटतं, पण सांगतोच. तो थंड पाण्याचा मासा, आणि सहा इंची झाला की दिवसाला ग्रामभर खाणं त्याला सहज लागतं. वर काढलेल्या हिशेबात दीड फुटी टाकीला आठवड्याला परवडतं तेवढं तो एका दिवसात खातो. दोन गोल्डफिशसाठी तीन फुटी, दीडशे लिटरची टाकी धरा. तिचं नुसतं पाणीच दीडशे किलो भरतं, तेव्हा आधी खालचं टेबल तपासा.

हे सगळे मासे एकदम आणू नका. पहिल्या खेपेला दोन-तीन, मग अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा, मग पुढचे. कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा गाळ आपल्या फिल्टरमध्ये पिळून घ्या, सहा आठवड्यांचं काम पुष्कळ लवकर होतं. हार्बर लाइनच्या गर्दीतून पिशवी सांभाळत घरी आल्यावर ती बंदच टाकीत पंधरा मिनिटं तरंगू द्या, मग उघडून मासे जाळीने उचला. पिशवी उघडी ठेवून रेंगाळू नका आणि ते पाणी टाकीत ओतू नका. प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो आणि पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडली की पीएच चढायला लागतो आणि तोच अमोनिया अंगावर येतो.

टाकीत आधीच जास्त झालेले मासे असतील तर दुकानदार ते बहुतेक परत घेतात. पैसे देत नाहीत, खाण्याचा एखादा डबा देतात. मोठा झालेला सकरही घेतात, फक्त आधी फोन करा, त्यांच्याकडेही त्याला टाकी रिकामी लागते. तलावात किंवा गणपतीच्या विसर्जन तळ्यात सोडू नका. सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा भारतात अनेक ठिकाणच्या पाण्यांत पसरला आहे, मच्छीमारांच्या जाळ्यात काट्यांनी अडकून जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.